पगारापलीकडचा संप

शिकागोतल्या शिक्षकांना २०१२ साली संप करायचा, तर आधी एक विचित्र गणित सोडवावं लागणार होतं. इलिनॉय राज्याच्या नव्या कायद्यानुसार संपाच्या बाजूनं शिक्षक संघटनेच्या एकूण सभासदांपैकी ७५ टक्के मतं हवी होती. मतदानाला न आलेला सभासद आपोआप विरोधात धरला जाई. एवढी मतं पडायचीच नाहीत, असा कायद्यामागच्या मंडळींचा होरा होता. पडली जवळजवळ ९० टक्के.

ही तयारी चार वर्षं आधीची. शाळा बंद करण्याच्या धोरणानं चिडलेले काही शिक्षक २००८च्या सुमारास एकत्र बसून वाचन-चर्चा करू लागले आणि त्यातून ‘कोअर’ हा गट उभा राहिला. शाळाबंदीच्या सुनावण्यांना ही मंडळी पालकांच्या शेजारी बसलेली दिसत. २०१०मध्ये या गटानं संघटनेची निवडणूक जिंकली. रसायनशास्त्राच्या शिक्षिका कॅरन लुईस अध्यक्ष झाल्या.

पण खरी अडचण १९९५च्या एका कायद्यात होती. वर्गात किती मुलं बसवायची, यावर बोलणी करायची की नाही हे प्रशासनाच्या मर्जीवर होतं आणि त्यासाठी संप तर करताच येत नसे. म्हणजे भांडायचं ते पगारावरच, आणि मग ‘शिक्षकांना फक्त पगाराचं पडलंय’ हे ऐकूनही घ्यायचं! म्हणून संघटनेनं फेब्रुवारी २०१२मध्ये आपल्या मागण्यांचा एक अहवालच छापला. लहान वर्ग, ग्रंथालय, संगीत, चित्रकला, नर्स, समुपदेशक. करारात न बसणाऱ्या या मागण्या पालकांच्या तोंडी मात्र चांगल्याच बसल्या.

या मागण्यांसाठी पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न या शहरातल्या शिक्षकांना जुनाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिजोरीत खडखडाट असल्याचं सांगून पगारवाढ रोखली गेली, तेव्हा मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन या शिक्षिकांनी कराचे कागद चाळले. ट्राम, गॅस, विजेच्या कंपन्या कर चुकवत असल्याचं त्यांनी दाखवलं, कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

१० सप्टेंबर २०१२ला सुमारे २६ हजार शिक्षक-कर्मचारी लाल शर्ट घालून रस्त्यावर उतरले. शाळेचे सात दिवस बुडाले. महापौर राम इमॅन्युएल यांना काही बाबतींत नमतं घ्यावं लागलं, पण पुढच्याच वर्षी शहरानं एका फटक्यात जवळपास ५० शाळांना टाळं ठोकलं. त्यातल्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या होत्या. पालक आणि शिक्षक दोघंही मोर्चे काढत राहिले. शाळा वाचल्या नाहीत.

२०१९मध्ये शिक्षकांनी पुन्हा संप केला, त्यात शाळेचे अकरा दिवस गेले. या वेळी प्रत्येक शाळेत टप्प्याटप्प्यानं नर्स आणि समाजसेवक नेमण्याचं आश्वासन थेट करारात लिहून आलं. गर्दीचे वर्ग कमी करायला पैसेही मिळाले. बेघर विद्यार्थ्यांची विचारपूस करणाऱ्या कर्मचाऱ्यांची तरतूद झाली. आणि १९९५च्या कायद्यातलं ते कलम २०२१मध्ये रद्द झालं, त्यामुळे वर्गातली मुलांची संख्या आता शिकागोत रीतसर वाटाघाटीचा विषय आहे.