घरातल्या इंटरनेटचा पत्ता वाचू या

वाय-फायचं खोकं घरात आलं की त्याचा कारभार यजमानांकडे किंवा कॉलेजातल्या चिरंजीवांकडे जातो. आपण फक्त "अरे, नेट गेलं बघ" म्हणायचं! पण मैत्रिणींनो, महिन्याचा हिशेब जिला जमतो तिला हेही जमेल. बेरीज-वजाबाकी आली की पुरे.

आधी पिनकोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. दूरच्या गावी पत्र निवडणारा सुरुवातीचेच आकडे बघतो. गल्ली-घर आपला पोस्टमन बघेल.

इंटरनेटचंही तसंच. घरातल्या प्रत्येक फोनला, प्रिंटरला चार आकड्यांचा आयपी पत्ता असतो, जसं १९२.१६८.१.२०. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. सोबत 'सबनेट मास्क' असतो, बहुधा २५५.२५५.२५५.०. जिथे २५५ तो भाग आळीचा, जिथे ० तो घरक्रमांक. ही आळी म्हणजेच सबनेट.

निरोप आळीतलाच असेल तर थेट पोचतो. बाहेरचा असेल तर राउटरकडे जातो. राउटरला सगळी वाट ठाऊक नसते बरं का! आपल्या तक्त्यात बघून तो पुढच्या राउटरकडे सोपवतो, तो त्याच्या पुढच्याकडे.

आता आळीच्या वाटण्या. एका आळीत २५६ क्रमांक, जणू ताटातल्या वड्या. मधून कापलं की १२८-१२८, पुन्हा कापलं की ६४ चे चार वाटे. प्रत्येक वाट्यातला पहिला क्रमांक आळीच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. म्हणून ६४ पैकी वापरायला ६२ च. वाटा किती मोठा, हे मास्कच्या शेवटच्या आकड्यावरून कळतं: २५६ वजा १९२, उरले ६४.

याचा घरात उपयोग काय? वरच्या खोलीत रेंज नाही म्हणून दुसरा राउटर जोडला, आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसेनासा झाला, ही तक्रार पुष्कळ घरांत असते. दोन्हींचे पत्ते बघा. खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.० असेल तर दोन आळ्या झाल्या! प्रिंटर शोधायची हाक राउटरपलीकडे जात नाही. नवा प्रिंटर घेण्याआधी दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' करून घ्या. बहुतेक राउटरांत ती सोय असते.

कधी मात्र वेगळी आळी हवीच असते. पाहुण्यांचे फोन, शेजारच्या मुलांचे खेळ यांसाठी राउटरवर 'गेस्ट' वाय-फाय मिळतं. तिथून आपल्या लॅपटॉपमधल्या कागदपत्रांपर्यंत सहसा पोचता येत नाही. पाहुण्यांना दिवाणखाना मोकळा, पण कपाटाची किल्ली आपल्याच कमरेला!

दुपारी कामं आवरली की हे गणित सोडवा. पत्ता १९२.१६८.१.७०, मास्क २५५.२५५.२५५.१९२. तर १०० क्रमांक शेजारी का, आणि १३०? वाटे ६४ चे: ० ते ६३, ६४ ते १२७, पुढे १२८ पासून. म्हणजे १०० शेजारी, १३० परक्या आळीतला. जमलं ना? मग दुरुस्तीवाला आला की त्याला पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.