एका लिगामेंटची किंमत ७९ लाख डॉलर

तुमच्या हातात ऑफर आहे. आकडा ठरलाय, एचआरशी हसून बोलणं झालंय, घरी पेढे वाटून झालेत. मग मेडिकल होतं आणि दोन दिवसांनी फोन येतो, ‘आकडा जरा कमी करावा लागेल.’ इथवर तुमच्यापैकी एखाद्याच्या बाबतीत घडलंही असेल. पण पुढचं ऐका. त्या एका मेडिकलपायी शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये जॉइन होणाऱ्या, ठणठणीत तब्येतीच्या दुसऱ्याच मुलाचीही ऑफर रद्द होते!

जुलै २०१४ मध्ये ह्यूस्टनला नेमकं हेच झालं. कंपनीचं नाव ह्यूस्टन ॲस्ट्रोज, धंदा बेसबॉल आणि उमेदवार नुकतीच शाळा संपवलेली पोरं.

खरं सांगायचं तर बेसबॉल हा खेळ मला अजून अर्धामुर्धाच कळतो. ‘मनीबॉल’ सिनेमा बघून मी त्यात शिरले आणि मैदानापेक्षा हिशेबातच जास्त रमले. दरवर्षी जुलैत माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी असते. पाच कॉलम : पिक, खेळाडू, ठरलेली किंमत, प्रत्यक्ष दिलेला बोनस आणि फरक. मैत्रिणी म्हणतात, एवढा हिशेब स्वतःच्या टॅक्सचा ठेवलास तर बरं होईल. ठीक आहे. पण या शीटमध्ये जेवढा ड्रामा आहे तेवढा माझ्या रिटर्नमध्ये नाही, त्याला मी काय करू?

गल्ल्याचा फंडा

आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर बोली लागते. अमेरिकन बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. १९६५ पासून चालत आलेली पद्धत अशी, की टीम्स पाळीपाळीने एकेक नाव घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच त्या मुलाला बोलणी करावी लागतात. आधी कमकुवत टीमची पाळी, मग बाकीच्यांची. (२०२३ पासून पहिले काही नंबर लॉटरीने ठरतात.) बारावी झालेल्या मुलाच्या हातात एकच पत्ता असतो. ‘नाही पटत तुमचा आकडा, मी कॉलेजला जातो.’ तीनेक वर्षांनी तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूकडे मात्र हा पत्ताच उरलेला नसतो, त्यामुळे तो पाच-दहा हजार डॉलरवरही सही करतो. कॅम्पस प्लेसमेंटच्या शेवटच्या दिवशी हाती ऑफर नसलेल्या मुलाला जे वाटतं, तेच.

२०१२ पासून यात नवा नियम आला. पहिल्या दहा फेऱ्यांमधल्या प्रत्येक पिकला एक किंमत ठरवून दिली, तिला म्हणतात स्लॉट. टीमच्या सगळ्या स्लॉट्सची बेरीज म्हणजे तिचा बोनस पूल. आपण त्याला गल्ला म्हणू. गल्ल्यातले पैसे कोणाला किती द्यायचे हे टीमने ठरवायचं. एकाला स्लॉटपेक्षा कमी देऊन वाचवलेले दुसऱ्याला जास्त दिले तरी चालतं. पण एकूण खर्च गल्ल्याच्या वर गेला की वरच्या रकमेवर ७५ टक्के दंड. पाच टक्क्यांहून जास्त वर गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क गेला. १५ टक्क्यांच्या वर गेलात तर पुढची दोन वर्षं पहिल्या फेरीत नुसतं बघत बसायचं आणि दंड शंभर टक्के. २०१२ ते २०२४ या तेरा ड्राफ्टमध्ये एकाही टीमने ती पाच टक्क्यांची रेषा ओलांडली नाही. अब्जाधीश मालक असूनही! म्हणजे भीती खरी आहे.

आणि आता सगळ्यात खतरनाक कलम. एखाद्या पिकने सहीच केली नाही, तर त्याचा स्लॉट गल्ल्यातून वजा होतो. त्याच्यासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्याला देता येत नाहीत, ते पैसे वहीतूनच गायब.

सेव्हिंग्जची जादू

या नियमातली गंमत सगळ्यात आधी ज्यांना कळली त्यांत ॲस्ट्रोज होते. त्यांचे जनरल मॅनेजर जेफ लुनाउ आधी मॅकिन्झीमध्ये कन्सल्टंट होते, त्यामुळे आश्चर्य नको. २०१२ मध्ये पहिलाच नंबर त्यांचा होता आणि त्या पिकचा स्लॉट होता ७२ लाख डॉलर. त्यांनी पोर्तो रिकोच्या कार्लोस कोरेयाचं नाव घेतलं. सतरा वर्षांचा मुलगा. त्याने ४८ लाखांवर सही केली. दुसऱ्या नंबरवर गेलेल्या बायरन बक्स्टनला मिनेसोटाने ६० लाख दिले, म्हणजे पहिल्यापेक्षा दुसरा महाग!

वाचलेले २४ लाख गेले कुठे? ४१ व्या नंबरचा लान्स मॅकलर्स ज्युनियर. स्लॉट साडेबारा लाखांच्या आसपास, त्याला दिले २५ लाख. चौथ्या फेरीतला रिओ रुईझ. स्लॉट साडेतीन लाखांच्या थोडा वर, त्याला दिले साडेअठरा लाख. थोडं इकडून तिकडून खरवडलं आणि हिशेब जुळला. कॉलेजच्या वाटेवर असलेली दोन महागडी पोरं एका पिकच्या बचतीतून टीममध्ये आली. २०१७ मध्ये ॲस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा कोरेया शॉर्टस्टॉपला होता आणि सातव्या, निर्णायक सामन्याची सुरुवात मॅकलर्सने केली. (त्या विजेतेपदाला नंतर खाणाखुणा चोरल्याच्या प्रकरणाचा डाग लागला आणि २०२० मध्ये लुनाउंची नोकरी गेली. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा बोनस म्हणजे वरकड मलई नव्हे. त्या काळी खालच्या लीग्जमधल्या खेळाडूला महिन्याला साधारण हजार-दीड हजार डॉलर मिळायचे, तेही हंगाम चालू असेपर्यंतच. मेजर लीगपर्यंत बहुतेक जण पोचतच नाहीत. त्यामुळे कित्येकांसाठी सहीच्या दिवशीचा चेक हीच बेसबॉलमधली सगळ्यात मोठी कमाई.

१८ जुलै, संध्याकाळ

आता २०१४. पुन्हा पहिला नंबर ॲस्ट्रोजचा, गल्ला सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलर. नाव घेतलं ब्रेडी एकनचं. सॅन डिएगोचा डावखुरा शाळकरी पिचर. स्लॉट ७९ लाख २२ हजार, तोंडी ठरले ६५ लाख. माझ्या शीटच्या शेवटच्या कॉलममध्ये हिरवे १४ लाख २२ हजार.

पाचव्या फेरीत त्यांनी जेकब निक्स हा दुसरा शाळकरी पिचर घेतला. स्लॉट ३ लाख ७० हजार, पण तो एवढ्यावर कॉलेज सोडणार नव्हता. त्याला कबूल केले १५ लाख. म्हणजे लाल ११ लाख ३० हजार. हिरव्यातून लाल वजा, तरी तीनेक लाख शिल्लक. निक्स ह्यूस्टनला गेला, मेडिकल पास झाला. सही तेवढी बाकी.

मग एकनचं मेडिकल झालं. कोपरातल्या एका लिगामेंटबद्दल टीमच्या डॉक्टरांना शंका आली. हात दुखत नव्हता, तो उत्तम बॉल टाकत होता, पण एमआरआयमध्ये ते लिगामेंट नेहमीपेक्षा लहान दिसत होतं. ऑफर आली ३१ लाख ६८ हजार ८४० वर. हा विचित्र आकडा कुठून आला? कॅलक्युलेटर काढा. तो स्लॉटच्या बरोब्बर ४० टक्के आहे. नियम असा होता, की टीमने किमान ४० टक्क्यांची ऑफर दिली आणि मुलाने ती नाकारली, तर टीमला पुढच्या वर्षी भरपाई म्हणून एक नंबर मागचा पिक मिळतो. तो आकडा मुलाकडे बघून काढलेलाच नव्हता, तो नियमावली बघून काढला होता!

मुदत संपता संपता ऑफर ५० लाखांपर्यंत चढल्याच्या बातम्या आल्या. एकनच्या बाजूने उत्तर आलं नाही. १८ जुलैला संध्याकाळी मुदत संपली.

त्या क्षणी गल्ल्यातून ७९ लाख २२ हजार वजा झाले. उरले साधारण ५४ लाख. निक्सचे जास्तीचे ११ लाख या उरलेल्या गल्ल्याच्या वीस टक्क्यांहून अधिक होत होते. बाकी सगळे स्लॉटवर धरले तरी त्याच्याशी सही केली की दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क स्वाहा. ॲस्ट्रोजनी सही केली नाही. निक्सच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. तरी त्याचे १५ लाख गेले. दुसऱ्याच्या कोपरातल्या लिगामेंटपायी.

कायद्याने टीम चुकली का, यावर तेव्हा खूप वाद झाले. मला विचाराल तर नियम पाळून केलेला हा अन्याय होता. तोंडी ठरलेल्या पैशांवर जगणाऱ्या आम्हा फ्रीलान्सरांना निक्सची बाजू जरा लवकर कळते, एवढं कबूल. त्याच्या वतीने प्लेयर्स युनियनने तक्रार दाखल केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती आपसात मिटली. रक्कम गुलदस्त्यात.

पुढे? दोघंही यूसीएलए या कॉलेजला जाणार होते, त्याऐवजी फ्लोरिडातल्या एका स्पोर्ट्स ॲकॅडमीत गेले. मार्च २०१५ मध्ये एकनचं तेच लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं. जूनमध्ये क्लीव्हलंडने त्याला १७ व्या नंबरवर घेतलं, २५ लाख १३ हजारांवर. मेजर लीगमध्ये तो कधीच खेळला नाही. सही न केल्याचा पश्चात्ताप नाही, असं त्याने स्वतःच्या लेखात लिहिलं. निक्सला सॅन डिएगोने तिसऱ्या फेरीत ९ लाखांवर घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला.

आणि ॲस्ट्रोजना भरपाईच्या दुसऱ्या नंबरवर २०१५ मध्ये कोण मिळालं? ॲलेक्स ब्रेगमन. ५९ लाखांवर. २०१७ च्या त्या विजेत्या टीमचा थर्ड बेसमन. त्याची सहीही स्लॉटपेक्षा पंधरा लाखांनी स्वस्त, आणि ३७ व्या नंबरच्या डॅझ कॅमेरनला स्लॉटच्या दुपटीहून जास्त, म्हणजे ४० लाख. पुन्हा तीच ट्रिक! बेसबॉलच्या पोथीत म्हणूनच ॲस्ट्रोजचं ‘नशीब’ असं लिहिलं जातं. त्या पोथीत निक्सचं पान नसतं.

आपला कुमार

या शीटमधलं एक नाव वाचून आपल्याकडची मंडळी थबकतात : कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा, वडील ट्रेसी रॉकर फुटबॉलमधले नावाजलेले खेळाडू. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने व्हँडरबिल्टकडून ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट्स घेत नो-हिटर टाकला होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या नंबरवर घेतलं. स्लॉट ४७ लाख, ठरले ६० लाख. मग मेडिकल. आणि या वेळी तर कमी आकड्याचीही ऑफर आली नाही. शून्य. रॉकरने ड्राफ्टआधीचा एमआरआय दिलेला नव्हता, त्यामुळे किमान ऑफरचं बंधनही मेट्सवर नव्हतं. भरपाईचा पिक मात्र मिळाला, २०२२ मधला अकरावा. मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी त्याच दिवसांत ट्विट केलं होतं, की ड्राफ्ट पिक टीमला स्लॉटच्या पाचपटीपर्यंत मोलाचा असतो आणि एवढा परतावा देणाऱ्या गुंतवणुकीला आपण कधी मागे हटत नाही. हेज फंडवाल्याची भाषा. निदान प्रामाणिक तरी.

रॉकरने खांद्याचं ऑपरेशन करून घेतलं, २०२२ मध्ये ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स या छोट्या स्वतंत्र टीमकडून काही सामने टाकले आणि त्याच वर्षी टेक्सास रेंजर्सनी त्याला चक्क तिसऱ्या नंबरवर उचललं. ५२ लाख डॉलर. मेट्सनी कबूल केले त्यापेक्षा आठ लाख कमी, पण स्लॉट होता जवळपास ७६ लाख. वाचलेल्या २४ लाखांचं काय झालं हे आता तुम्ही स्वतः सांगू शकता. चौथ्या फेरीत ब्रॉक पोर्टर नावाच्या शाळकरी पिचरला त्यांनी ३७ लाख दिले. मे २०२३ मध्ये रॉकरच्या कोपराचं ऑपरेशन झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो रेंजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला.

रॉकर प्रकरणानंतर नियम थोडा माणसात आला. २०२२ च्या करारानुसार ड्राफ्टआधीच मेडिकल देणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंना स्लॉटच्या किमान ७५ टक्क्यांची ऑफर द्यावी लागते. गल्ल्यातून स्लॉट वजा होण्याचं कलम मात्र तसंच राहिलं. म्हणजे एकनसाठी उपाय सापडला, निक्ससाठी नाही.

तुम्हाला शीट बनवायची असेल तर एक टिप देते. पहिल्या नंबरच्या आकड्यावर थांबू नका. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या नंबरवर एलाय विलिट्सला ८२ लाखांवर घेतलं, स्लॉट होता १ कोटी १० लाखांच्या वर. हेडलाइन तीच झाली. मी मात्र सरळ तिसरी, चौथी, पाचवी फेरी गाठली आणि शाळकरी मुलांच्या नावांसमोरचे आकडे बघत बसले. वाचलेले पैसे तिथेच जातात. सही होईपर्यंत ते सेल मी पेन्सिलीसारख्या फिक्या रंगात ठेवते.