एकच माहिती, अनेक कागद

रुग्ण बरा होऊन घरी निघतो तेव्हा त्याच्या हाती डिस्चार्ज कार्ड दिले जाते. हिशेब विभागाकडे बिलाची प्रत राहते, देणगीदारांस पावती पाठविली जाते आणि वर्षअखेरीस विश्वस्त मंडळापुढे अहवाल येतो. हे कागद निरनिराळे दिसत असले तरी त्यांवरील बराचसा मजकूर समान असतो. तो एकदाच लिहून हव्या त्या रूपात उतरवून घेण्याची सोय काही संगणक प्रणालींत असते. 'पॅन्डॉक' ही त्यांपैकी एक. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ती 2006 साली प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे, हे धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने विशेष!

मजकूर ज्या साच्यात बसविला जातो त्यास 'टेम्पलेट' म्हणतात. छापील लेटरहेडवर नाव, तारीख यांसाठी जशा मोकळ्या जागा असतात, तशा साच्यातही खुणा केलेल्या जागा असतात. पूर्वी पॅन्डॉकचा प्रत्येक साचा स्वतंत्र असे. एका साच्यात दुसरा बसविता येत नसे. यातील अडचण आपल्या भागातील वाचकांस सहज उमगेल. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू व तलासरी तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. बोर्डीचा पत्ता एका दिवसात बदलला. पत्ता प्रत्येक साच्यात वेगळा लिहिलेला असेल तर अशा वेळी सर्व साचे दुरुस्त करावे लागतात, आणि एखादा हटकून राहून जातो.

नोव्हेंबर 2019 मधील 2.8 या आवृत्तीत ही रचना नव्याने करण्यात आली. आता पत्ता, बोधचिन्ह, तळटीप असे भाग वेगळे ठेवून ते प्रत्येक साच्यात नुसते बोलाविता येतात. एके ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वत्र उतरते. (वर्डच्या फाईलचे बाह्यरूप मात्र आजही मुख्यतः एका नमुना-फाईलमधील शैलींवरून ठरते.)

या सोयीबरोबर एक धोकाही येतो, आणि तो रुग्णालयास अधिक महत्त्वाचा आहे. एखादी माहिती भरलेलीच नसेल तर पॅन्डॉक थांबत नाही; ती जागा निमूटपणे कोरी सोडतो. 'माहिती असेल तरच हा भाग छापावा' अशी अट साच्यात घातली असल्यास तो भाग मथळ्यासह नाहीसा होतो. कागद नीटनेटका दिसतो आणि पुढील तपासणीची तारीख त्यावर नसते! औषधाच्या वावड्याचेही तसेच. 'वावडे नाही' आणि 'वावड्याविषयी विचारलेच नाही' या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. कोऱ्या जागेत ते दिसत नाही. पाड्यावरच्या घरात हे कार्ड कित्येकदा शाळेत जाणारे मूलच वाचून दाखविते. जे छापलेले नाही ते त्याने कोठून वाचावे?

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक अटीस 'अन्यथा' हा दुसरा पर्याय जोडता येतो: तारीख नसल्यास 'पुढील तपासणीची तारीख घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावी' असे ठळक वाक्य छापले जावे. वावड्याची नोंद नसल्यास 'नोंद केलेली नाही' असे स्पष्ट लिहिले जावे. नवा साचा वॉर्डात वापरण्यापूर्वी मुद्दाम अपुरी माहिती भरून त्याची एक प्रत काढावी, आणि ती संगणक विभागाने न तपासता परिचारिकेने वाचावी. उंबरगाव बाजूच्या कुटुंबांसाठी गुजराती साचा केल्यास त्याचीही हीच परीक्षा घ्यावी.