पडद्यावरची देवनागरी: वाचनसुलभ मांडणीचे शास्त्र

वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते छोट्या छोट्या उड्या मारतात आणि दोन उड्यांच्या मध्ये साधारण पाव सेकंद थबकतात. मजकूर टिपला जातो तो या थांब्यांत. दृष्टिपटलावरचा सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा भाग अगदी लहान असल्याने एका थांब्यात मोजकीच अक्षरे स्पष्ट दिसतात. वेबसाइटवरील मजकुराचा आकार, ओळींची लांबी आणि मोकळी जागा ठरवायची ती डोळ्यांची ही चाल लक्षात घेऊन.

ओळ फार लांब असेल, तर ती संपल्यावर नजर पुढच्या ओळीचा आरंभ चुकते. तीच ओळ पुन्हा वाचली जाते किंवा एखादी सुटते. फार आखूड ओळीत वाक्य सारखे तुटते. वेबसाठीची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुगम्यता निकषांत ओळीची कमाल मर्यादा ८० अक्षरे सांगितली आहे. मोठ्या पडद्यावर मजकूर या काठापासून त्या काठापर्यंत पसरू न देता त्याची रुंदी बांधून घ्यावी, ती याचसाठी.

रोमन लिपीसाठी बसवलेली मापे मराठीला मात्र जशीच्या तशी लागू पडत नाहीत. देवनागरी अक्षर शिरोरेषेच्या वरही वाढते आणि खालीही. ‘मूर्तींच्या’ हा शब्द पाहावा. त्यातल्या ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र आले आहेत. वरच्या ओळीत नेमका ‘राष्ट्रकूट’ असला, तर त्यातला ‘ष्ट्र’ आणि ‘कू’चा उकार खाली उतरून या अनुस्वाराला टेकतात. म्हणून ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावे. मराठीला त्याहून थोडे अधिकच सोयीचे. वरखालच्या चिन्हांना जागा द्यावी लागत असल्याने त्याच मापाची देवनागरी अक्षरे रोमनपेक्षा बारीक दिसतात. ब्राउझरचे नेहमीचे माप १६ पिक्सेल असते. मराठी मजकूर १८ पिक्सेलपर्यंत वाढवला, की जोडाक्षरे सुटी दिसू लागतात.

‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात शिरोरेषेतली लहानशी फट मोठा फरक करते. अक्षरे बारीक किंवा अतिठळक असली, की ही फट बुजते. उलट शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतले अंतर ताणले, तर शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्दाचा आकारच हरवतो. देवनागरीत हे अंतर वाढवू नये.

रोमनमध्ये जोर देण्यासाठी मोठी लिपी आणि तिरपी अक्षरे आहेत. देवनागरीत मोठी लिपी नाही आणि तिरप्या अक्षरांची जुनी परंपराही नाही. संगणकाने कलवलेली अक्षरे वेडीवाकडी दिसतात. अधोरेखा उकारांना छेदते. जोर द्यायचा, तर मध्यम ठळक अक्षर, थोडा मोठा आकार किंवा अवतरणचिन्हे पुरेशी आहेत, आणि तीही मोजक्या ठिकाणी. सगळेच ठळक केले, तर काहीच उठून दिसत नाही.

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली जात असल्याने ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’सारखे लांब शब्द सतत येतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दोन्ही कडा सरळ करायला गेले, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे उत्तम.

रंगांचेही माप आहे. सुगम्यता निकषांनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्यावर काळ्याचे गुणोत्तर २१:१ भरते. फिकट करडी अक्षरे देखणी वाटली, तरी अधू दृष्टीच्या वाचकाला ती दिसतच नाहीत.

शेवटची बाब भाषेची नोंद. पानाच्या एचटीएमएल संकेतात ‘एमआर’ ही मराठीची खूण दिली, तर सोय असलेला फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीलाही याच खुणेवरून भाषा कळते. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’, गूगलचा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ आणि खास मराठी वळणांचा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट मोफत मिळतात. त्यामुळे मराठी संकेतस्थळ वाचायला अवघड ठेवण्यास आता कोणतेही तांत्रिक कारण उरलेले नाही. प्रत्येक पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते साध्या मोबाइलवर, भर उजेडात वाचून पाहावे. वाचकाचा तेवढा हक्क आहे.