बटणाची उसळी आणि प्रोग्रॅममधील उपाय
८०५१ मायक्रोकंट्रोलरला जोडलेले बटण एकदाच दाबले, तरी प्रयोगशाळेत मोजणी कधी ३ ने, तर कधी ७ ने पुढे सरकते. विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. वस्तुतः बटणातील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळून उसळतात व सर्किट अनेकदा जुळते-तुटते. अमेरिकन अभियंता जॅक गॅन्सल यांनी १८ स्विच तपासले. त्यांपैकी १६ स्विचमध्ये ही उसळी सरासरी सुमारे १.६ मिलिसेकंद व जास्तीत जास्त ६.२ मिलिसेकंद टिकली. एकात मात्र ती १५७ मिलिसेकंदांपर्यंत गेली. (असा स्विच बदललेलाच बरा!) १२ मेगाहर्ट्झवर चालणारा मूळ ८०५१ हा १.६ मिलिसेकंदांत १६०० यंत्रचक्रे पूर्ण करतो. साहजिकच प्रत्येक उसळी त्याला स्वतंत्र दाब वाटू शकते.

२० मिलिसेकंद नुसते थांबून बटण पुन्हा वाचणे हा उपाय सोपा आहे. परंतु तेवढा वेळ डिस्प्ले, मोटर इत्यादी इतर कामे खोळंबतात. त्यापेक्षा टायमरच्या साहाय्याने दर ५ मिलिसेकंदांनी बटण वाचावे. नवी स्थिती सलग ४ वेळा सारखीच आढळली, तरच ती ग्राह्य धरावी. मध्ये बदल झाल्यास मोजणी पुन्हा शून्यापासून करावी. बटण सोडतानाही उसळी येते, हे बहुधा शिकवायचे राहून जाते. तेथेही हाच नियम लावावा. बटण थेट इंटरप्टला जोडल्यास प्रत्येक उसळीला इंटरप्ट येण्याचा संभव असतो. ४ हा आकडाही पाठ करून घेण्याचा नव्हे. विद्यार्थ्यांनी तो आपल्या बटणाची उसळी ऑसिलोस्कोपवर पाहून ठरवावा.