मस्कतची उभी गाडी

मार्च २०२० च्या अखेरीस ओमानची आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. गावी गेलेले आपले लोक तिकडेच अडकले. १ ऑक्टोबरला विमानं सुरू झाली, पण काहींचं परतणं लांबतच गेलं आणि रुवी, अल खुवैरच्या पार्किंगमध्ये त्यांच्या गाड्या धूळ खात राहिल्या.

अशी वर्षानुवर्षं उभी गाडी गळ्यात पडली, तर आधी चावी फिरवू नका. पेट्रोल काही महिन्यांतच शिळं होतं, पुढे त्याचा डिंक होऊन इंजेक्टर तुंबतात. टाकी रिकामी करा, इंजिन ऑइल बदला. बॅटरी गेलेलीच समजा.

खरी मेख टायरांत आहे. नक्षी नव्यासारखी दिसते हो, पण इथल्या ४५ अंशांच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: ३५१७ म्हणजे २०१७ चा ३५ वा आठवडा. असल्या टायरांवर १२० च्या वेगानं निझवाला निघणं म्हणजे जिवाशी खेळ! चारही नवे घाला, ब्रेक ऑइल बदला, मग विमा आणि मुल्किया.

खर्च गाडीच्या किमतीवर जात असेल, तर सरळ भंगारात द्या. त्याआधी पोलिसांकडे नोंदणी मात्र रद्द करून घ्या.