दार आणि नादार : फारसीचा पहिला धडा

फारसी शिकून काय करणार, असा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हाला अनेकांनी विचारला. विचारणारे बहुतेक आपलेच लोक. कुणी म्हणाले, वकिली सोडून मौलवी होणार काय? कुणी म्हणाले, शिकायचेच तर पाली शिका, ती आपली भाषा आहे. बार रूममधल्या एका मित्राने तर चाळिशी उलटल्यावर अलिफ-बे गिरवण्याचे हे कसले खूळ, असे विचारले. या प्रश्नांची उत्तरे जाहीरपणे द्यावीत असे वाटते. कारण हा एकट्यादुकट्याच्या हौसेचा प्रश्न नाही. कोणती भाषा कुणाच्या वाट्याला येते आणि कोणती येऊ दिली जात नाही, याचा हा प्रश्न आहे, आणि तो आपल्या समाजाला चांगलाच ठाऊक आहे.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायची होती. अस्पृश्याच्या मुलाला देववाणी शिकवायला शिक्षक तयार नव्हते. म्हणून बाबासाहेबांना दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, महाविद्यालयातही फारसी सोबत राहिली आणि १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतली. १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत संस्कृतवरील प्रभुत्वाचा मुद्दा काढणाऱ्यांना त्यांनी सडेतोड उत्तर दिले. हा इतिहास आपण जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो. पण तो सांगताना आपण नेहमी 'संस्कृत नाकारली' इथेच थांबतो. 'फारसी मिळाली' या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहत नाही. ती भाषा काय आहे, तिच्यात काय आहे, हे पाहावे म्हणून आम्ही तिघे वकील मित्र एका विद्यापीठाच्या फारसी प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बसलो.

पहिले काही आठवडे अक्षरांशी झुंजण्यात गेले. फारसीची अक्षरे बत्तीस. अरबीची अठ्ठावीस घेऊन फारसीने प, च, झ (हा 'टेलिव्हिजन'मधल्या झसारखा) आणि ग ही चार आपली घातली. लिहायचे उजवीकडून डावीकडे. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात, मध्ये दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या. सात अक्षरे अशी की ती पुढच्या अक्षराचा हात धरत नाहीत. 'स'साठी तीन अक्षरे, 'झ'च्या उच्चारासाठी चार. वर ऱ्हस्व स्वर लिहायचेच नाहीत, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. थोडक्यात, शब्द आधी ठाऊक असेल तर वाचता येतो.

आणि इथेच मराठी माणसाची गंमत आहे. शब्द आधीच ठाऊक असतात. वर्गात शिक्षक एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेले आणि आम्हाला आपण कोर्टातच बसलो आहोत असे वाटू लागले. वकील, दावा, अर्ज, हक्क, तारीख, जामीन, जप्ती, कैफियत हे शब्द मूळचे अरबी, पण आपल्याकडे आले ते फारसीच्या हाताने. फिर्याद, गुन्हा, परवाना, शिफारस, सरकार हे तर फारसीच. पंचनाम्यातले पंच आपले आणि नामा त्यांचा. 'दस्त' म्हणजे हात, 'खत' म्हणजे लिहिणे, म्हणून दस्तखत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपण जो दस्त नोंदवतो तो दस्तऐवजही याच हाताचा. आता विचार करा. ज्या समाजाच्या हाती पाटी-पेन्सिल येऊच दिली नाही, त्या समाजाकडून शेकडो वर्षे दस्तखत मागितले गेले. त्याने काय करावे? अंगठा उमटवला. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता उमटवलेल्या त्या अंगठ्यांवर किती जमिनी गेल्या, त्याचे खटले आम्ही आजही चालवतो.

व्याकरणाचा पहिला मोठा धडा 'असणे' या क्रियापदाचा, म्हणजे जवळ असण्याचा. मन केताब दारम, माझ्याजवळ पुस्तक आहे. ऊ केताब दारद, त्याच्याजवळ पुस्तक आहे. किंवा तिच्याजवळ आहे, कारण फारसीत तो आणि ती यांना एकच सर्वनाम. भाषेला लिंगभेदच नाही. नकार करायचा तर आधी न लावायचा. मन जमीन नदारम. याचे भाषांतर मराठी वाचकाला करून सांगण्याची गरज नाही.

या 'दार'मध्ये आपल्या गावगाड्याची सगळी रचना भरलेली आहे. ज्याच्याकडे जमीन तो जमीनदार. ज्याच्याकडे इनाम तो इनामदार. देशमुख-पाटील वतनदार, कारागीर बलुतेदार. आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो? त्यालाही फारसीने शब्द दिला आहे. ना आणि दार मिळून नादार. कर्ज फेडू न शकणाऱ्यासाठी कायद्याच्या मराठीत नादार हाच शब्द आहे आणि शाळेची फी माफ व्हावी म्हणून आपल्या आईबापांनी भरलेला अर्जही नादारीचाच. एकाच क्रियापदाची दोन टोके, दार आणि नादार. मध्ये सगळा समाज.

'वतन' हा शब्द घ्या. अरबीतून फारसीत आलेल्या या शब्दाचा अर्थ घर, मायभूमी. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ वंशपरंपरागत चाकरीचा हक्क असा झाला. महाराच्या बाबतीत तर हक्क नावापुरता आणि चाकरी रात्रंदिवस. सरकारी कामासाठी कधीही हाक मारावी आणि सबंध कुटुंबाने धावावे. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले ते या गुलामीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते. १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीत त्यांनी आपल्याला मायभूमी आहे कुठे, असा सवाल केला होता. फारसीच्या दृष्टीने पाहिले तर हा वतनाचाच सवाल आहे. मायभूमी या अर्थाचे वतन आम्हाला कधी दिले नाही आणि चाकरी या अर्थाचे वतन मानेवरून उतरू दिले नाही.

आणखी एक शब्द, बेगार. मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. मराठीत त्याला आपली वेठ जोडली आणि वेठबिगार झाली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. तिथे इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हाच शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष एके काळी फारसीचे विद्यार्थी होते, हे तो अनुच्छेद वाचताना आठवल्यावाचून राहत नाही.

आता जे फारसीला परकी म्हणतात त्यांच्यासाठी थोडे. फारसीत आई मादर, बाप पेदर, भाऊ बरादर, मुलगी दोख्तर. संस्कृतातले मातृ, पितृ, भ्रातृ, दुहितृ आठवा. पंज, हफ्त, हश्त, दह हे आकडे पंच, सप्त, अष्ट, दश यांच्या शेजारी ठेवा. दोन्ही भाषा एकाच भारत-इराणी कुळातल्या. म्हणजे संस्कृतच्या शिक्षकांनी दार लावून घेतले आणि त्यांच्या देववाणीची सख्खी नातलग शेजारच्या वर्गात बाबासाहेबांना शिकवली जात होती! पावित्र्याच्या कल्पना किती पोकळ असतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

'पाली आपली, फारसी त्यांची' असे म्हणणाऱ्या बांधवांना एक शब्द सांगतो. फारसीत मूर्तीला 'बुत' म्हणतात. हा शब्द 'बुद्ध' या नावावरूनच आला असे भाषाभ्यासक मानतात, कारण मध्य आशियात आणि आजच्या अफगाणिस्तानात जिकडेतिकडे मूर्ती होत्या त्या तथागतांच्या. २००१ मध्ये बामियानच्या ज्या मूर्ती तालिबानने फोडल्या, त्या खोऱ्यातले लोक फारसीचीच एक बोली बोलतात. तेव्हा पाली जरूर शिकावी. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरीचा द्वेष करावा लागत नाही.

मुख्य मुद्दा मात्र पोटापाण्याचा आणि हक्काचा आहे. निजामाच्या राज्यात १८८४ पर्यंत कारभाराची भाषा फारसी होती, नंतर उर्दू झाली. मराठवाड्यातली जुनी महसुली कागदपत्रे, इनामांचे मुंतखब, शाळांचे दाखले या लिपीत आहेत. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा २००० सालचा कायदा पुराव्याचा भार अर्जदारावर टाकतो. आजोबा-पणजोबांची नोंद उर्दूत असली तर आपला मुलगा ती हातात धरून अनुवादक शोधत हिंडतो आणि प्रवेशाची मुदत संपत येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे किती मोलाची आहेत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. फारसीची लिपी आली की उर्दूची आलीच, वरची थोडी अक्षरे शिकली म्हणजे झाले. अर्थात प्रमाणपत्राच्या एका वर्षात जुन्या कारकुनांचे घसटते शिकस्ता अक्षर वाचता येत नाही. 'शिकस्ता' म्हणजेच मोडलेले. त्याला पुढची काही वर्षे सराव हवा. पण पहिले पाऊल टाकल्याशिवाय दुसरे पडत नाही.

आमच्या वर्गात आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. उर्दू शाळेतले दोन शिक्षक, इतिहासाचे काही विद्यार्थी, आम्ही तीन वकील. बाके रिकामी. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नेमायचे नाहीत आणि शिक्षक नाहीत म्हणून विद्यार्थी येत नाहीत, या चक्रात असे वर्ग हळूहळू बंद पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाली, फारसी आणि प्राकृतसाठी राष्ट्रीय संस्था काढण्याचे म्हटले आहे. २०२४ मध्ये मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात दर्जाही मिळाला. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत आज ना पाली आहे, ना फारसी. दर्जा कागदावर आणि रोजगार शून्य, अशा स्थितीत गरिबाच्या पोराने काय म्हणून शिकावे? म्हणून सरकारकडे आमची मागणी साधी आहे. जिल्हा अभिलेखागारांत आणि पडताळणी समित्यांकडे मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची कायम पदे निर्माण करा आणि या अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती द्या.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. मुंबई विद्यापीठात फारसीचा विभाग आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. कायदा, इतिहास आणि मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी दरवर्षी पाच जण जरी या वर्गात बसले, तरी दहा वर्षांत आपल्या जमिनींचे, वतनांचे आणि जातीच्या नोंदींचे कागद वाचणारी पन्नास माणसे समाजात तयार होतील. मग आपला दस्त काय म्हणतो हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. ज्ञानाच्या बाबतीत नादार राहायचे की नाही, हे आता कुणा शिक्षकाच्या मर्जीवर नाही. ते आपणच ठरवायचे आहे.